कोणती उज्वला

नांदेड,
रविवार, ११ मे २०२५

ती. सौ. आईस,
उज्वलाचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र बघून घाबरू नकोस, आम्ही दोघं ठीक आहोत. हातात कागद आला की तुला आधी वाईटच सुचतं, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकते. फोनवर बोलले असते, पण फोन बापूंच्या खिशात, आणि बापू फोन उचलला की स्पीकर लावतात. मग आपण दोघी उन्हाचं, शेळीचं, शेजारच्या दानम्मा मावशीच्या गुडघ्याचं बोलतो आणि ठेवतो. संक्रांतीपासून आपलं बोलणं तेवढंच चाललंय. तू चौथी शिकलेली, अक्षर लावून लावून सगळं वाचतेस हे मला माहीत आहे, म्हणून मुद्दाम मोठं आणि सुटं काढतेय. बापूंना नमस्कार सांग. वाचायला मात्र त्यांना देऊ नकोस, ते मोठ्यानं वाचतात आणि भिंतीपलीकडं दानम्मा मावशी असते.

बालाजीदादा मंगळवारी इकडं येणार आहे, मोंढ्यात काम आहे म्हणाला. त्याच्याकडे हे पत्र देईन. तुझा स्टीलचा डबाही देईन, जानेवारीपासून माझ्याकडेच पडून आहे.

इथं ऊन लई आहे. नळाला पाणी येतं पण येताना गरमच येतं. सत्यम रोज रेल्वेनं उमरीला जातात, संध्याकाळी परत येतात. तहसीलमध्ये सध्या कामाचा नुसता रगाडा आहे म्हणतात. बोलणं कमी झालंय त्यांचं, पण जेवतात नीट. वरच्या मजल्यावरच्या बाई गच्चीवर कुरडया घालायला बोलावत होत्या. गेले नाही. चीक खायला कुणी लागतं ना. विकतच्या आणून ठेवल्यात.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते.

माझा प्रकल्प संपत आलाय. एम. ए.च्या शेवटच्या सत्राला हा द्यावाच लागतो, त्याशिवाय निकाल नाही. बुधवारी बाइंडिंगला टाकायचा आणि शुक्रवारी विद्यापीठात जमा करायचा. काळं कव्हर, वर सोनेरी अक्षरं. लिहून सगळं झालंय, आता नुसती तपासणी चाललीय. पानांचे आकडे, तळटीपा, कुठं काना राहिला, कुठं तारीख चुकली. तुझं तांदूळ निवडणं आणि माझं हे काम एकच. खडा निघाला म्हणून बरं वाटतं आणि अजून किती असतील म्हणून धास्तीही वाटते. सगळे खडे निघाले ग. एका पानावर अडलेय. आणि ते पान तुझं आहे.

तुला विषय माहीत आहे, पण त्या दिवशी तू विचारलंस, "काय लिहिलालीस ग एवढं?" आणि मी नीट सांगितलं नव्हतं. तर ऐक. भूकंपात आपल्या गावात ज्यांची लेकरं गेली, आणि मग दवाखान्यात ऑपरेशनात बंद केलेली नस जोडून घेऊन ज्यांना पुन्हा लेकरं झाली, त्यातल्या बऱ्याच घरांनी नव्या लेकराला गेलेल्याचंच नाव ठेवलं. का ठेवलं, कुणी सांगितलं होतं का, आणि त्या नावाची लेकरं पुढं कशी वाढली, हा माझा विषय. माझा आधीचा विषय बचत गटांचा होता. दिवाळीनंतर मी जाऊन तो बदलून मागितला. विशाखा मॅडम, म्हणजे माझ्या मार्गदर्शक, चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "इतक्या उशिरा? का?" मी म्हणाले, मी त्याच गावची आहे, माझंही नाव तसंच आहे. त्यांना ते पटलं. खोटं नव्हतंच ते. पुरतं खरं नव्हतं, एवढंच.

माझ्या वर्गात बुद्धप्रिया म्हणून एक मुलगी आहे, माझ्याहून बरीच लहान, इस्लापूरकडची. कॉम्प्युटरवर हात असा चालतो तिचा की बघत राहावं. पानं सरळ करणं, समास सारखे करणं, हे सगळं तिनं अंगावर घेतलं. म्हणाली, ताई, तुम्ही फक्त वाचा, बाकी मी चकाचक करून देते. गेल्या आठवड्यात मोठ्या खुशीत मला म्हणाली, "ताई, टायपिंगमध्ये नावं डबल डबल पडली होती. एकाच घरात दोन महादेव, दोन रुक्मिणी. मी एकेक काढून टाकलं, आता स्वच्छ झालं."

मी विचारलं, कोणतं काढलंस. म्हणाली, वरचं.

वरचं म्हणजे पहिलं. गेलेली सगळी लेकरं तिनं एका दुपारीत काढून टाकली होती, चूक समजून. मला हसू आलं आणि मग मी पाणी प्यायला उठले. तिचा काय दोष, तिच्याकडं एका घरात एक नाव एकाच लेकराचं असतं. आपल्या गावचं कुणी असतं तर बघताक्षणी कळलं असतं. मी तिला समजावून सांगितलं तशी ती रडायलाच लागली. मग आम्ही दोघी बसलो आणि एकेकाला परत आणून आपापल्या जागी बसवलं. प्रत्येकापुढं मी "पहिला", "पहिली", "दुसरा", "दुसरी" असं लिहून घेतलं. आपल्या घरापाशी आले आणि हात थांबला. आपल्या घरात हा शब्द कधी कुणी काढलाच नाही. बालाजीदादा एकदा भांडताना मला "नवी" म्हणाला होता, तर तू त्याला उपाशी झोपवलं होतंस.

तुझी मुलाखत घ्यायला संक्रांतीनंतर आले होते ते आठव. मॅडमनी बजावलं होतं, घरचं माणूस असलं तरी परक्यासारखं विचारायचं, नाहीतर संशोधन होत नाही. मी चटईवर बसले, मोबाइल मधे ठेवला, आणि विचारलं, "तुमचं पूर्ण नाव सांगा." दानम्मा मावशी तूर निवडता निवडता थांबली. तू माझ्याकडं असं बघितलंस, आणि मग पदर सारखा करून म्हणालीस, "लिहा बाई. तुळजाबाई श्रीमंत. फुडचं आडनाव लगीन व्हायच्या आधी तुमचंच होतं, तुमाला ठाव आसंल."

मला तेव्हा राग आला होता. आता टाइप केलेलं वाचते तेव्हा वाटतं, आई, तू किती सांभाळून घेतलंस. आपण त्या आधी महिनोन्‌महिने धड बोललो नव्हतो. लेक आली तीच सरकारी माणसागत कागद घेऊन, आणि तू "विचारा बाई" म्हणत सगळी उत्तरं दिलीस.

मी विचारलं होतं, तेच नाव का ठेवलं. तुझं उत्तर मी एक अक्षर न बदलता घातलंय. तू म्हणालीस, "तोंडाला सवय हुती. पत्र्याच्या शेडात सैपाक करता करता हाक जायची, उज्वला, पानी आन. मग तुजे बापू उठून भाईर जायचे. तू झालीस, आन् म्या म्हनलं, आता हाक गेली तर कुनीतरी ओ देईल."

हे वाचून मॅडमनी समासात फक्त एक रेघ ओढली. चांगलं असलं की त्या तशी ओढतात.

पण त्याच्या पुढच्या पानावर लाल शाईत लिहिलंय, "कोणती उज्वला? स्पष्ट करा." तिथं मी तुला विचारलं होतं, उज्वलाबद्दल सांगा. आणि तू सांगत सुटली होतीस. झोपताना कानाची पाळी धरायची. कुत्र्याला लई भ्यायची. दुधावरची साय बोटानं काढून बापूंच्या कपात टाकायची. शेंगाची पोळी तव्यावरून उतरायच्या आत उचलायची आणि फुंकत फुंकत खायची. मी टाइप करताना गालातल्या गालात हसत होते ग. मला वाटलं, आई माझं सांगतेय. मी कुत्रं दिसलं की आजही रस्ता बदलते. सत्यमना लग्न झाल्यावर मीच कौतुकानं सांगितलं होतं की लहानपणी मी कानाची पाळी धरून झोपायचे.

मॅडमच्या त्या लाल शाईनं मी पुन्हा वाचायला लागले. दोन हायलायटर आणले. पहिलीचं ते हिरवं, माझं ते गुलाबी. कानाची पाळी धरायची, पण तू म्हणालीस "माळवदावर निजल्यावर". माळवद जुन्या घराला होतं. नव्या गावात कुठलं माळवद? हिरवं. कुत्रं पाटलाचं, ते वाड्याखालीच गेलं. हिरवं. बापू कपातून चहा प्यायचे ते जुन्या गावात, मला कळायला लागल्यापासून त्यांचा स्टीलचा पेलाच आहे. तेही हिरवं. चुलीपाशी बसून पोळी उचलायची, आणि मी जन्मले तेव्हा शेडात स्टोव्ह होता.

सगळं पान हिरवंगार झालं आई. गुलाबीचं टोपणसुद्धा उघडलं नाही मी.

मग माझं काय ग? मला भीती वाटते ती कुत्र्याची का तू सांगितलेल्या गोष्टीची? इतकी वर्षं मी कुणाच्या सवयी सांभाळून राहिले? आणि आता सांगूनच टाकते, कागदावर सांगायला सोपं जातं. आई, मला शेंगाच्या पोळ्या आवडत नाहीत. कधीच आवडल्या नाहीत. तोंड कोरडं पडतं, दुसऱ्या घासाला घशात कूट अडकतं. पण तू दर संक्रांतीला डबा भरायचीस आणि म्हणायचीस, "उज्वलाला लई आवडत्यात." मग मी खायचे.

तर माझं मागणं एवढंच आहे. मला एक वाक्य दे. माझं म्हणावं असं, त्या घरातलं नसलेलं, फक्त माझं. चांगलंच असावं असं नाही. "लई हट्टी हुती" म्हणालीस तरी चालेल. पत्र वाचून झालं की दादाच्या फोनवरून सांग, स्पीकर न लावता. नाहीतर त्या पानावर मी "दुसरी उज्वला" असं लिहिणार आणि त्याच्यापुढं कोरं सोडणार. मॅडम विचारतील तर माहिती उपलब्ध नाही म्हणेन. आपल्या विषयात असं लिहायची पद्धत आहे.

सत्यम भाजी घेऊन आले वाटतं. उद्या लिहिते.


सोमवार, दुपार

काल लिहिलेलं सकाळी वाचलं आणि फाडायला निघाले होते. फाडलं नाही. तेही असू दे.

आज बुद्ध पौर्णिमा. बुद्धप्रिया सकाळीच पांढरी साडी नेसून खीर देऊन गेली, जाताना म्हणाली, "ताई, आज सुट्टी, आज मॅडमनी सांगितलेलं रेकॉर्डिंगचं काम उरकून घ्या." त्याचं सांगते. पण आधी कालचं.

काल सत्यम भाजीच्या पिशव्या घेऊन आत आले. दोन्ही हातांत पिशव्या, दार पायानं लोटलेलं. चपला काढता काढता ते म्हणाले, "शिवांगी, दार लाव ग."

म्हणाले आणि तसेच उभे राहिले. मी पेन हातात धरून तशीच बसले. कोथिंबीर पिशवीतून खाली पडली ती कुणी उचलली नाही. मग मी उठून दार लावलं. ते मोरीत गेले आणि बराच वेळ नळ चालू ठेवला.

बघ, नाव लिहिलं मी. काल एवढी पानं लिहिली आणि एकदाही लिहिलं नव्हतं. दिवाळीनंतर विषय का बदलला, चीक कुणी खायचा, आम्ही दोघं ठीक आहोत, सगळं तिच्या कडेकडेनं लिहीत गेले. तुलाही ते कळलंच असणार.

भादव्यात ताप आला काय, पेशी उतरल्या काय, आणि आपण दवाखान्याच्या जिन्यात बसलेलो असताना सगळं संपलं काय. पाच वर्षांचं लेकरू. तू मागं राहिलीस, मला भरवलंस. मी भिंतीकडं तोंड करून पडले की तू नुसती पाठीवर हात ठेवून बसायचीस. त्याबद्दल मी तुला कधी काही बोलले नाही, आज बोलते. तू नसतीस तर मी जेवले नसते.

मग ती दुपार. तिला जाऊन आठवडाही झाला नव्हता. मी तिचे फ्रॉक काढून बसले होते, कुणाला तरी देऊन टाकावेत म्हणून, कारण कपाट उघडलं की वास यायचा. तू माझ्या हातातून तो निळा फ्रॉक घेतलास, मोठ्या खिशाचा, ज्याच्या खिशात ती चिंचोके भरून ठेवायची. घडी घातलीस, मांडीवर ठेवलास, हात फिरवलास, आणि म्हणालीस, "ठेव. फुडच्या शिवांगीला हुतील."

मी तुला म्हणाले, तू उद्या गावाकडं जा. तू पिशवी भरलीस. सत्यमनी तुला लातूरच्या बसमध्ये बसवून दिलं, आणि मी खिडकीतूनसुद्धा बघितलं नाही. माझ्या डोक्यात एकच घुमत होतं, हिला सगळी लेकरं सारखीच. एक गेलं की दुसरं, नाव तेच, हिशेब पुरा. आणि मला वाटलं, माझंही असंच झालं असणार. मी झाले तेव्हा हिनं माझं तोंडसुद्धा बघितलं नसणार, नुसती रिकामी जागा भरली एवढंच बघितलं असणार. त्या रागात मी विषय बदलून मागितला. तुला कागदावर धरून विचारायचं होतं. परक्या बाईसारखं, "तुम्ही" म्हणून, म्हणजे तुला उत्तर द्यावंच लागेल.

आता रेकॉर्डिंगचं. मॅडमचा नियम असा की अवतरणातलं प्रत्येक वाक्य जमा करायच्या आधी आवाजाशी ताडून बघायचं. बाकी सगळ्यांचं मी केव्हाच ताडलं होतं. तुझं तेवढं मागं ठेवलं होतं. आज कानात घालून बसले. "लिहा बाई" पासून सगळं ऐकलं. अक्षर न् अक्षर बरोबर निघालं. शेवटी माझा आवाज, "झालं, धन्यवाद." मग मी उठून पाय धुवायला मागं गेले, आणि मोबाइल बंद करायचा राहिलाच. तो चटईवर तसाच चालू. टाइप करताना मी धन्यवादपाशीच थांबवला होता, पुढं काही असेल असं मनातही आलं नव्हतं.

पुढं तुरीचा आवाज आहे, सुपात. मग दानम्मा मावशी म्हणते, "लेक लई वाळली ग माय. डब्यात काय भरलीस, पोळ्या का?"

तू म्हणतेस, "हाव."

"हिला आजून आवडत्यात?"

आणि मग तू हसल्यासारखं करतेस. म्हणतेस, "हिला कवा आवडल्या? तिला आवडायच्या. ही तर पानी पिऊन पिऊन गिळती, ल्हानपनापसून. तोंड वाकडं करत न्हाई कवाच. माजं मन मोडू नै म्हनून खाती."

"मग कामून करतीस?"

सूप एकदा पाखडल्याचा आवाज. मग तू म्हणतेस, "न्हाई केल्या तर तिचा सन कोन करनार? आन् केल्या तर खानार कोन, हीच की. लई सोसती ही माजं." मग माझी चाहूल लागली असणार, तू एकदम शेळीवर ओरडलीस, आणि मी येऊन मोबाइल उचलला.

मी ते पुन्हा पुन्हा ऐकलं. किती वेळा ते विचारू नकोस. ती आणि ही. तू कधी गल्लत केलीच नव्हतीस आई. तुला पक्कं ठाऊक होतं, कोणती कोण. एवढी वर्षं तू माझ्यासमोर ताट ठेवत होतीस आणि मी पाण्याचा पेला जवळ ओढते हे बघत होतीस, आणि आपण दोघी मिळून त्या पोरीचा सण करत होतो. मला कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच. सांगितलं असतंस तरी खाल्ल्या असत्या ग.

आणि यंदाच्या मी खाल्ल्या नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा. हे तुला सांगितलंच पाहिजे. गेली काही वर्षं माझ्या वाटच्या बहुतेक शिवांगी खायची. तिला त्या पहिलीसारख्याच, कूट पाडत, फुंकत फुंकत आवडायच्या, मी आपली एका पोळीवर सुटायचे. यंदा डबा उघडला आणि पोळ्या दिसल्या, आणि घरात खाणारं कुणी नाही. डबा तसाच वर नेऊन दिला त्या कुरडयावाल्या बाईंना. रिकामा परत आला तो घासून ठेवला. तू तिकडं म्हणत होतीस, खाणार कोण, हीच की.

गुलाबी टोपण उघडलं मग. त्या पानावर आता असं लिहिलंय, "दुसऱ्या उज्वलाला शेंगाची पोळी आवडत नाही. ती आईसाठी खाते." खाली टीप दिली, मुलाखतीनंतरचे संभाषण. मॅडम म्हणतील, हे संशोधनात बसत नाही. त्यांनी लाल रेघ मारली तरी मी काढणार नाही. तुझी परवानगी मात्र पाहिजे, कारण ते तू मला सांगितलेलंच नाहीस. आणि "पहिली उज्वला" असं छापायलाही पाहिजे. अर्पणपत्रिकेत तेवढंच नाव घालायचं आहे. तिचं नाव कुठंच छापलेलं नाही ना. शाळेतही गेली नव्हती ती धड.

तू "ठेव" का म्हणालीस, ते मला आज अर्धं कळलं. अर्धं अजून लागतं, लागत राहील. पण अर्धं कळलं. तुझ्याकडं तिचा फोटो नाही. कापड नाही, बांगडी नाही, काही नाही. सगळं त्या मातीखाली गेलं, आणि नंतर ती माती सरकारनं सपाट केली. तुझ्याकडं ठेवायला नुसतं नाव होतं. मोठ्या बहिणीचा फ्रॉक धाकटीला घालतात तसं ते तू मला घातलंस, तेवढंच तर उरलं होतं. आणि मी कपाटभर फ्रॉक घेऊन देऊन टाकायला बसले होते, तुझ्यासमोर. तुझं काय झालं असेल त्या वेळी?

आता डब्याचं. डबा रिकामा परत पाठवू नये, हे तूच शिकवलंस. आमच्याकडून तुझ्याकडं आलेल्या डब्यात कधी चार शेंगदाणे तरी निघायचेच. पाठवण्यासारखं मी काही केलं नाही यंदा. म्हणून तो निळा फ्रॉक घडी घालून आत ठेवलाय. खिशात चिंचोके तसेच आहेत, काढू नकोस. धुवूही नकोस. हा पुढच्या कुणासाठी नाही. तुझ्याकडं एकीचं काही नाही आणि माझ्याकडं एकीचं सगळं आहे, म्हणून हा तुझ्याकडं राहू दे. पत्र्याच्या पेटीत ठेव. कधी मधी काढून बघशील तेव्हा दोघींचा म्हणून बघ.

डॉक्टर म्हणतात, दुसरं लेकरू व्हायला काही हरकत नाही. सत्यमना वाटतं. मला अजून वाटत नाही, वाटेल तेव्हा वाटेल. झालं तर त्याचं त्याला नाव ठेवीन. तू नाराज होऊ नकोस. तू केलंस ते चूक असं म्हणत नाही मी, तुला दुसरं काय करता येत होतं? पण मला ते जमायचं नाही. मी ते नाव आतून घालून बघितलंय. या घरात शिवांगी म्हणून हाक गेली तर जाऊ दे. कुणी ओ देणार नाही. आमच्यापैकी कुणीतरी उठून दार लावेल.

पुढच्या संक्रांतीला पोळ्या कर. मी गावाकडं येईन, तिथंच बसून खाईन. पाण्याचा तांब्या जवळ ठेव. तोंड वाकडं करणार नाही, आणि तूही मला आवडतात असं कुणाला सांगू नकोस. दोघींना ठाऊक आहे तेवढं बास.

दादा उद्या सकाळी येईल. अक्षर नंतर नंतर बारीक झालंय, चष्मा लावून वाच.

तुझी,
दुसरी उज्वला